समास

आष्ट्याच्या पुढं, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर
आमचा कारखाना. त्यात सत्तर टनी बॉयलर.
त्याच्या पोटातलं पाणी
काचेच्या नळीत वीतभर दिसतं.
ते मध्यावर राहिलं पाहिजे, बस्स.
एवढ्यासाठी मला पगार.

विश्रामबागेतल्या खोलीवर
मी त्याचं समीकरण मांडलं होतं.
क्षच्या डोक्यावर टिंब, अनुस्वारासारखं,
म्हणजे क्ष बदलतो आहे.
उजवीकडं दोनच पदं.
इतकं स्वच्छ, की झोप लागली.

ऑगस्टात, गाळप नसताना,
थंड बॉयलरमध्ये पाणी भरून चाचणी घेतली.
ड्रेनचा कॉक उघडझाप केला, गेन वाढवला,
आणखी वाढवला.
पातळी रेषेला अशी चिकटली
की साहेबांनी चहा मागवला.

नोव्हेंबरात मोळी पडली.
ऊस कधी शहाऐंशी बत्तीस, कधी दोनशे पासष्ट,
कधी जळिताचा, कधी पाणी निथळणारा,
आणि बगॅस हातात घेतला तर
एका पाळीत कोरडा, दुसरीत पिळावा इतका ओला.
माझ्या समीकरणात बगॅस नव्हता.

तिसऱ्या रात्री टर्बाइननं एकदम वाफ ओढली.
पातळी वर गेली.
माझ्या कंट्रोलरनं झडप मिटली, तत्परतेनं,
पाठांतर झालेल्या मुलासारखी.
मग पातळी कोसळली. झडप सताड.
गार पाणी आत, आणि पातळी अजून खाली.
पुन्हा वर. पुन्हा खाली.
पडद्यावर डोंगर उभे राहिले, प्रत्येक आधीच्याहून उंच,
आणि भोंगा.

बाबालाल मुजावर उठले.
स्विच हातावर घेतला,
झडप दोन बोटं उघडली,
आणि तंबाखू मळायला लागले.

मी ओरडले असेन काहीतरी.

"ताई, वाफ वढली की पाणी फुगतंय. वाढत न्हाई.
गार पाणी घातलं की आदी आकसतंय.
त्येचं पयलं बोलणं कधी खरं धरू नगा.
जरा सोडायचं आन् मळत बसायचं.
मळून हुईस्तवर त्ये खरं बोलतंय."

नळीतलं पाणी मध्यावर आलं.
मी घड्याळ बघितलं होतं, सवयीनं:
चाळीस सेकंद.

त्या आठवड्यात मी गणित पुन्हा धरलं.
या वेळी एक बॉयलर घेतला नाही, जत्रा घेतली:
ओल्या बगॅसचा, कोरड्याचा,
नळ्यांना खार धरलेला,
झडप अडकणारा,
संक्रांतीला निम्मी माणसं रजेवर असलेला.
यातला कुठलाही समोर आला
तरी बिथरू नये, असा कंट्रोलर शोधला.
सापडला तो मंद निघाला.
एकाही दिवशी पहिला नंबर न येणारा.

कागदावर वजा एकचा बिंदू असतो.
वक्र त्याला शिवला की संपलं.
पण नुसतं न शिवणं पुरत नाही;
कठडा नसलेल्या विहिरीजवळून जाताना
आपण जेवढे लांबून जातो, तेवढं लांबून जायचं.
त्या अंतरालाच पुस्तकात मार्जिन म्हणतात.

पाचवीत शिकलगार बाई
समास न सोडलेली वही भिरकावून द्यायच्या.
मला वाटायचं, केवढा कागद वाया.

आता पातळी रेषेवर बसत नाही.
रेषेच्या आसपास असते,
घरातल्या माणसासारखी.
साहेब विचारतात, ऑगस्टात सरळ होती ना हो?
होती, म्हणते.
ऑगस्टात वाफही नव्हती.

बाबालाल पंख्याखाली बसलेले असतात,
पडद्याकडं पाठ करून.
परवा मी पुन्हा घड्याळ लावलं, त्यांच्या नकळत.
तळहात, चुना, अंगठा...
पन्नास सेकंद.
पाच गाळपं झाली त्या रात्रीला. हात जड झालाय.

तेही धरलंय.